संध्याकाळचा झाडू

तुम्ही दोघं ती गोष्ट मित्रांना हसून सांगता, हे मला तुमच्या आईकडून कळलं. आजी रोज संध्याकाळी स्वतःच कॉम्प्युटरमधला पासवर्ड पुसायची आणि सकाळी कॉम्प्युटरवरच ओरडायची. गोष्ट खरी आहे. पण मी तुम्हाला फक्त हसण्यासारखा भाग सांगितला होता. उरलेला आता लिहिते.

मूल गावातल्या घरी माझ्याकडे सतरा वर्षं एक बाई स्वयंपाकाला आणि झाडलोटीला येत असे. तुम्ही लहानपणी तिच्या हातची तांदळाची भाकर खाल्ली आहे, आठवत नसेल. सिंदेवाहीकडच्या जंगलातल्या एका गावची, गोंड. नवरा गेला तेव्हा कडेवरच्या मुलीला घेऊन मूलला आली आणि राइस मिलच्या मागच्या वस्तीत राहिली. ती मुलगी माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून माझ्याकडूनच इंग्रजी शिकली. त्या वर्षी ती चांगल्या मार्कांनी बारावी झाली. तिला गडचिरोलीला नर्सिंगला जायचं होतं. अर्ज ऑनलाइन भरायचा होता. शेवटची तारीख हुकली तर वर्ष गेलं. मी म्हटलं, माझ्या घरी कॉम्प्युटर आहे, वाय-फाय आहे, इथे बसून भर.

तिला मी खुर्चीवर बसवलं नाही. स्वयंपाकघरातलं स्टूल आणायला लावलं. तेही लिहून ठेवते.

तीन दुपारी आम्ही तो अर्ज भरत बसलो. कागद मी स्कॅन केले, प्रत्येकाला नीट नाव दिलं, एका फोल्डरमध्ये ठेवले. पहिल्याच दुपारी तिने एक चौकोन रिकामा सोडला, तेव्हा मी तिच्या बोटांवर पट्टी मारली. हळूच, पण मारली. "रिकामा चौकोन म्हणजे आळशी माणूस," मी म्हटलं. तीस वर्षं शाळेत हेच सांगत आले होते.

आता झाडूचं. थोरल्या, कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून मागच्या सुट्टीत तूच त्यात झाडूचं चित्र असलेला एक प्रोग्राम बसवून दिला होतास. "महिन्यातून एकदा चालव, आजी." महिन्यातून एकदा घर कोण झाडतं? आपल्याकडे दिवेलागणीच्या आधी झाडून घेतात, दिवा लागला की झाडू हातात धरत नाहीत. बाई बैठक झाडायला लागली की मीही कॉम्प्युटर झाडायला बसत असे. नंतर मी देवापाशी दिवा लावायची. हा रोजचा क्रम होता.

"झाला का बाई तुमचा झाडू?" ती विचारायची.

"झाला. तुझा?"

"माह्या झाडूले पाठ वाकवा लागते. तुमचा बसल्या बसल्या होते."

त्या प्रोग्राममध्ये एक लांब यादी होती आणि प्रत्येक ओळीपुढे चौकोन. काहींत खूण होती, काही रिकामे होते. पोरीला पट्टी मारली त्याच संध्याकाळी ते रिकामे चौकोन माझ्या डोळ्यांत खुपले. मी सगळ्यांत खुणा करून टाकल्या. कुठली ओळ काय म्हणते ते वाचलं नाही. जन्मभर मुलांना 'आधी प्रश्न वाचा' सांगणारी मी.

दुसऱ्या सकाळपासून कॉम्प्युटर वाय-फायचा पासवर्ड मागू लागला. घातला की दिवसभर चाले. संध्याकाळनंतर पुन्हा अनोळखी. तुला फोन केला. तू सांगितलंस ते सगळं ओळीने वहीत लिहिलं आणि करून पाहिलं: राउटर बंद करून दहा मिनिटांनी चालू केला, नेटवर्क काढून पुन्हा जोडलं, 'आपोआप जोडा'वर खूण आहे ना ते चष्मा पुसून तपासलं. खूण होती.

"आजी, इतक्यात काही बदललं का? दुसरं कोणी वापरतं का कॉम्प्युटर?" तू विचारलंस.

तू सरळ प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर मी मनात दिलं, 'ती पोरगी', आणि ते तुला सांगितलंही नाही.

रविवारी धाकटीचा वाढदिवस होता. आपलं ठरलं होतं, सात वाजता व्हिडिओ कॉल, मग केक. मी ठेवणीतली साडी नेसून बसले. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. सोळा अक्षरं, त्यात शून्य कोणतं आणि ओ कोणता ते घाईत कळेना. मोबाइलवर बोलता आलं असतं. पण त्यात तुमचे चेहरे सुपारीएवढे दिसतात आणि मला केक नीट दिसायला हवा होता. अखेर जुळलं तेव्हा ताटलीत नुसता चुरा उरला होता. धाकटी म्हणाली, "आजी, इट्स ओके." मुलं असं म्हणतात तेव्हा त्यांनी आपल्याला जमेस धरणं सोडलेलं असतं, हे मला शिक्षिका म्हणून ठाऊक आहे.

दुसरा दिवस सोमवार. पोरीच्या अर्जाची शेवटची तारीख तीच होती. फक्त कॉलेजं निवडायची आणि शेवटचं बटण दाबायचं उरलं होतं. मुलगी अकराला येणार होती. तिची आई सकाळी ओट्याशी भात मांडत होती.

"कॉम्प्युटरला हात कोण लावतं?" मी विचारलं.

"कोनी नाई, बाई. पोरगी लावते, तुमी बाजूले बसल्या असल्यावर."

"आणि मी आंघोळीला जाते तेव्हा?"

"तेवा मी इथी असतो न."

"मग रोज पासवर्ड कोण पुसतं? भूत?"

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे. "बाई, मी त् घर झाडतो. कॉम्प्युटर तुमीच झाडता."

तिने कारण बोटावर ठेवून दाखवलं होतं. मला त्यात फक्त उर्मटपणा ऐकू आला. मी म्हटलं, "तुम्हा लोकांना जंगलातून आणून स्टूल दिलं, तर आता खुर्चीवर डोळा."

तिने गॅस बारीक केला. मग पदराने हात पुसले, कमरेची किल्ली काढून ओट्यावर ठेवली. सतरा वर्षांची किल्ली, घासून गुळगुळीत झालेली. "चाबी ठेवली, बाई. भात होऊन राह्यला, उतरवून घेजा."

ती फाटकाशी पोचली तेवढ्यात मुलगी आली. हातात प्लॅस्टिकची फाइल, केसांना तेल, अंगावर इस्त्रीचा ड्रेस. मी दारातच उभी राहिले. आईला कळू नये पण मुलीला कळावं म्हणून मी इंग्रजीत बोलले. "यू मे गो."

"मॅडम, कॉलेजंच निवडाची राहिली. दहा मिनिटं."

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आईला कळायला इंग्रजी लागलंच नाही. तिने मुलीचा दंड धरला. "चाल माय. बस स्टँडवरच्या दुकानात भरू."

मी आत जाऊन भात उतरवला. जेवले. भात चांगला झाला होता.

त्यानंतर आठ दिवस घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. कॉम्प्युटर रोज पासवर्ड मागत होता. पहिल्या सकाळी मी म्हटलं, जाताना काहीतरी करून गेली असेल. दुसऱ्या सकाळी म्हटलं, पोरीने मोबाइलवरून काही केलं असेल. चौथ्या सकाळी मी राउटरचा पासवर्ड बदलून पाहिला, आणि पाचव्या सकाळी कॉम्प्युटर नवाही विसरला होता. इतकं झाल्यावरही मी सगळ्यांचा विचार केला, माझा सोडून. आणि रोज दिवेलागणीच्या आधी न चुकता झाडू चालवला.

नवव्या दिवशी बाजारातल्या दुरुस्तीवाल्या चाचांना बोलावलं. माझ्यापेक्षा लहान आहेत, पण सारं गाव त्यांना चाचाच म्हणतं. त्यांनी मी चहा आणायच्या आत विचारलं, "बाई, हा झाडू कोन चालवते?"

"मी. रोज."

"आन् इतक्या टिका कोनं मारल्या?"

"मीच. रिकामे चौकोन बरे दिसत नाहीत."

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अवो बाई! याच्यात एक लाइन वाय-फायच्या पासवर्डची हाये. रोज शामले तुमीच त्याची याददाश पुसून देता आन् सकाळी इचारता, काऊन नाई याद?" त्यांनी एका चौकोनातली खूण काढली. "झालं. याचे काय पैसे घेऊ?"

हाच भाग मी तुम्हाला फोनवर सांगितला. तुम्ही खूप हसलात. मीही हसले.

त्याच दिवशी मी तिच्याकडे जायला हवं होतं. चार दिवस गेले नाही. काय बोलायचं ते वहीत लिहून पाहिलं, वाक्यं बदलली, स्वच्छ उतरवून काढलं. पाचव्या दिवशी, संध्याकाळी, राइस मिलच्या मागे गेले.

ती नुकतीच रोवण्याहून परतली होती. दुसऱ्याच्या शेतातल्या बांधीत दिवसभर वाकून भात लावून आलेली, पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले. मला पाहून तिने खाट पुढे ओढली. "बसा बाई. चहा मांडतो."

मी वही काढली नाही. म्हटलं, "चूक माझी होती. पासवर्ड मीच पुसत होते."

"मले मालूम होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं न, बाई. हासून सांगतलं होतं."

मी अर्जाचं विचारलं. दुकानात त्या दिवशी तालुक्याभरातली मुलं लोटली होती, साइट अडत होती. पाचला अर्ज बंद झाले आणि हिचा नंबर सव्वापाचला आला. हे तिने बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी माझ्याकडे बसून भरू, मी स्वतः भरीन, आणि तू उद्यापासून परत ये.

"नाई बाई. रोवना चालू हाये." थोडं थांबून म्हणाली, "आन् फारम दुकानातच भरन ते. तिथी मशीन बिघडली त् कोनी आपलं नाव नाई घेत."

एवढ्यात मुलगी आली. तीही रोवण्यालाच गेली होती. डोक्यावर पावसासाठी प्लॅस्टिकचं पोतं, नखांत चिखल. मी तिला म्हटलं, "बाळा, माझं चुकलं." माझं मराठी तिने बाजूला ठेवलं आणि मी शिकवलेल्या उच्चारांत, एकही शब्द न अडखळता म्हणाली, "इट इज ऑल राइट, मॅडम. द लास्ट डेट इज ओव्हर."

मग ती पाय धुवायला मागे गेली. चहा घेऊन मी निघाले. मला पोचवायला फाटकापर्यंत कोणी आलं नाही, कारण त्या घराला फाटक नाही.

आता कॉम्प्युटर उघडला की वाय-फाय आपोआप जोडला जातो. रविवारी तुम्ही विचारता, "आजी, आता काही प्रॉब्लेम नाही ना?" मी नाही म्हणते. बैठक मी स्वतः झाडते, दिवा लावायच्या आधी, गुडघा धरून. तिच्या मुलीचं फोल्डर अजून आहे: फोटो, मार्कशीट, जातीचा दाखला, प्रत्येकाला माझ्या हाताने दिलेलं नाव. पेन ड्राइव्हवर घालून ते मी त्यांच्याकडे पाठवलं होतं. तो पेन ड्राइव्ह मुलीने 'नको' म्हणून चाचांच्या दुकानात दिला आणि दुसऱ्याच दिवशी तो माझ्याकडे परत आला. उघडून पाहिला. आत सगळं जसंच्या तसं होतं.