काळ्या रंगाखालचा जोड

मी जुन्या गाड्या विकतो. म्हणजे खोटं बोलणं हा माझा निम्मा धंदा, आणि तो निम्मा धंदा मिस्त्रीने बुडवला. आम्ही एकाच शाळेतले, त्यामुळे अरेतुरेतले. कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की तो आधी मिस्त्रीच्या गॅरेजवर जाई आणि त्यालाच सोबत घेऊन माझ्याकडे येई. फाटकातून तो तेलकट निळा डगला आत शिरला की मी सौदा गेला असंच धरायचो. बरं, या कामाचा तो कुणाकडून चहासुद्धा घेत नसे. फुकटात माझ्या पोटावर पाय!

आल्या आल्या बॉनेटवर तळहात ठेवायचा. कोमट लागलं की माझ्याकडे वळून म्हणायचा, "सकाळीच तापवून ठेवलीस होय रे? गार असताना सुरू होत नाही वाटतं." मग काय, गिऱ्हाईक हसत हसत परत.

स्वतःच्या कामालाही हीच कसोटी. मुलगा त्याच्या हाताखाली वेल्डिंग करायचा. डावखुरा, अबोल, कामाला वाघ. पण जोड जरा कुठे उंचसखल दिसला की मिस्त्री चारचौघांत म्हणायचा, "घासून टाक. पुन्हा कर." एकदा एकाच जोडाला त्याने चार वेळा ग्राइंडर लावायला सांगितलं. चौथ्या वेळी मुलाने ग्राइंडर खाली ठेवला, हात पुसले आणि निघून गेला. डोंगरावरच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्याने नोकरी धरली. तीन वर्षं बापलेकांत शब्द नाही. वहिनी इकडचे निरोप तिकडे पोचवून थकल्या. गेल्या वर्षी खाणीची कड ढासळली आणि त्यात मुलगा गेला. सव्वीस वर्षांचा होता.

आठवड्याभराने मिस्त्रीने गॅरेज उघडलं. कुणी वेल्डिंगचं काम घेऊन आलं, की मात्र दुसऱ्या गॅरेजचा पत्ता सांगू लागला.

तर त्या दिवशी तो सिस्टरांना घेऊन आला. सिस्टर म्हणजे डोंगरातल्या वस्त्यांवर फिरणाऱ्या नर्सबाई. त्यांची जुनी गाडी कायमची बसली होती. मागच्या महिन्यात एका बाळंतिणीला चौघांनी स्ट्रेचरवरून खाली आणलं, आणि ती वाटेतच गेली. "मला सोमवारी वर जायचंय," सिस्टर म्हणाल्या. "रस्ता नाहीच आहे, दगडगोटे आहेत. तिथे चढेल अशी गाडी द्या."

चारही चाकांना जोर असलेले दोनच पिकअप माझ्याकडे होते. एक पांढरा, चकचकीत. दुसरा करडा, माझ्या स्वतःच्या वापरातला. डोंगरात अडकलेल्या गाड्या मी त्याने ओढून आणायचो.

मी अर्थातच पांढऱ्याचे गोडवे गायला लागलो. मिस्त्री सरळ आत बसला आणि सीटबेल्ट ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाचा पिवळट डाग होता. "पुरात बुडालेली गाडी आहे, सिस्टर. वायरिंग दगा देणार, आणि देणार ते नेमकं चढावर." मी छताकडे बघत उभा राहिलो. दुसरं काय करणार?

करडा त्याने गार इंजिनावर सुरू केला, मागच्या भंगाराच्या ढिगावरून दोनदा चढवून उतरवला. चेहरा जरा सैल झाला. मग तो पाठीवर आडवा होऊन गाडीखाली सरकला, आणि मी मनात म्हटलं, झालं! चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, जोड असलेली गाडी डोंगरात न्यायची नाही, हा त्याचा कायदा सगळ्या गावाला पाठ होता. माझ्या करड्याच्या चासीला जोड होता. त्यावर जाड काळा रंग होता, पण त्याच्यापुढे रंग म्हणजे काय!

"वायर ब्रश दे," खालून आवाज आला. मी दिला. खरवडल्याचा आवाज सुरू झाला आणि मध्येच थांबला. त्याचे बूट तेवढे दिसत होते. मी दिवा घेऊन वाकलो. तो जोडावरून बोट फिरवत होता, सावकाश, इकडून तिकडे. डावखुऱ्या हाताचं वेल्डिंग, सगळे टाके उलट्या अंगाला झुकलेले. मिस्त्रीने हजारो वेळा बघितलेला हात होता तो.

"हातोडा."

त्याने आडव्यानेच दोन्ही हातांनी घाव घातला. मग आणखी एक. मग घालतच सुटला. सिस्टर घाबरून म्हणाल्या, "अहो, मोडाल ना!" मलाही कळेना, याला तो जोड तुटायला हवाय की टिकायला. शेवटी हातोडा थांबला. खालून रडवेला आवाज आला, "तुटत नाही रे."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"घ्या ही, सिस्टर."

"पण चासीला जोड आहे ना? तुम्हीच सांगता, घेऊ नका म्हणून."

"सांगतो. पण हा सुटायचा नाही. मला स्वतःला असा जमला नसता."

सिस्टरांनी कागदांवर सह्या केल्या आणि करडा घेऊन गेल्या. मिस्त्री माझ्या ऑफिसच्या पायरीवर बसला. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्याने विचारलं, "जोड करून घेताना तू तिथेच होतास ना? माझ्याबद्दल काही बोलला का?"

होतो मी. दोन वर्षांपूर्वी डोंगरात चासी तडकली, आणि जवळचं वर्कशॉप म्हणजे खाणीचंच. दोन तास मुलगा गाडीखाली आडवा होता. काम झाल्यावर बाहेर येऊन म्हणाला होता, "काका, वरून जाड काळा रंग मारा. बाबांच्या नजरेस पडलं तर घासायला लावतील." त्याने थट्टा केली असं समजून मी हसलो होतो. तो हसला नव्हता. रंगाचा डबाही त्यानेच आणून दिला.

हे त्या बापाला कसं सांगायचं? आयुष्यभर सरावाने खोटं बोललो, पण हे खोटं सगळ्यात जड गेलं.

"म्हणाला, 'काका, गावात गेलात की बाबांना नक्की दाखवा.'"

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. नखांत तो काळा रंग भरला होता. दाखवायचं होतं तर झाकलं कशाला, एवढंच त्याने विचारायचं होतं. माझं खोटं तिथेच उघडं पडलं असतं. त्याने मुठी मिटून घेतल्या.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं.