पाणी पाजायचं, वैरण घालायची नाही

आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापूरच्या नवी पेठेतलं कापडाचं दुकान विकलं तेव्हा सगळं देऊन टाकलं. काचेची कपाटं दिली, गादी दिली, कापड मोजायचा लोखंडी गज दिला. आईनं हौसेनं घेतलेलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिलं. फक्त शटरचं कुलूप दिलं नाही. दुकान घेणारा पोरगा समजूतदार. त्याला वाटलं, म्हातारं माणूस आहे, विसरलं असेल. त्यानं हळूच मागितलं, तर दादा म्हणाले, "कुलूप तुमचं आणा की. जनावर द्यायचं असतंय, दावं न्हाय द्यायचं."

त्या पोराच्या घरात तेलुगू बोलतात, वाडवडिलांचे माग होते. दावं म्हणजे गाय बांधायची दोरी, हे त्याला मीच सांगितलं. आमच्या गावाकडं गाय विकली तरी दावं घरात ठेवतात, घेणाऱ्यानं आपलं घेऊन यायचं. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली, असं मानतात. पोरगा हसला आणि जाऊन नवं कुलूप घेऊन आला. मी मात्र दादांवर चिडले. म्हटलं, कशाला असली खुळं करता, चारचौघांत हसं होतं. मला बोलायची सवय आहे आणि त्यांना न ऐकायची.

दादांचं गाव नातेपुत्याजवळ, माळावरचं. पाऊस पडला तर पडला. घरात एकच गाय होती. एका उन्हाळ्यात कडबा संपला, तेव्हा आबांनी, म्हणजे दादांच्या वडिलांनी, ती करकंबच्या एका बागायतदाराला विकली. तिकडं ऊस, उसाचं हिरवंगार वाढं, पाण्याला तोटा नाही. आपल्याकडं मरण्यापेक्षा तिकडं जगेल, एवढाच विचार. दादा तेव्हा शाळकरी होते. पुढं काही दिवसांनी ते सकाळी उठून बाहेर आले, तर गाय दारात उभी. गळ्यात नव्या मालकाचं तुटलेलं दावं लोंबत होतं. हिरवा चारा सोडून ती एवढी वाट तुडवत उन्हात करपलेल्या माळावर परत आली होती.

दादा पळत जाऊन उरलासुरला कडबा कवळ्यात घेऊन आले. आबांनी त्यांचा हात धरला. "पानी पाज. वैरण घालू नगंस. हितं खाल्लं की ती हितलीच म्हणंल, परत परत यील, आन् वाटंत कुटंतरी मरंल." आबांनी स्वतःच्या हातानं तिला बादलीभर पाणी पाजलं आणि तसंच उपाशी करकंबला परत नेलं. दादाही बरोबर चालत गेले. ती वाटेत सारखी थांबायची, असं ते सांगायचे.

ही गोष्ट आम्ही भावंडांनी दुकानात कितीदा ऐकली असेल. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही साड्यांच्या घड्या घालायचो आणि दादा सांगायचे. मी दर वेळी विचारायची, "मग?" ते म्हणायचे, "मग न्हाय आली." मला बरं वाटायचं, रमली असेल तिकडं. दादा कापडाचा तागा गुंडाळायला घ्यायचे.

सोलापुरात येऊन त्यांनी आधी सायकलवर गठ्ठा बांधून आठवडी बाजार केले, मग हळूहळू दुकान टाकलं. पण माणूस गोठ्यातलाच राहिला. पायरी चढून कुणीही येऊ दे, काय पाहिजे हे विचारायच्या आधी पाण्याचा तांब्या पुढं. खेड्यातून लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं घर यायचं, लेकराबाळांसकट. चपला काढून खालीच टेकायला लागले की दादा म्हणायचे, "हितं वर बसा की, गादी तुमच्यासाठीच हाय." पाय धुळीनं माखलेले असले तरी त्याचं त्यांना काही नाही. दुपार झाली की भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. करायची कुणी? माझ्या आईनं. ती वैतागायची, "दुकान हाय का धर्मशाळा?" दादा हसून म्हणायचे, "अगं, खाल्लेलं माणूस हितलंच हुतंय." आणि व्हायचंही तसंच. ज्यांच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडं बांधला, ते आपल्या लेकींच्या लग्नालाही आमच्याच पायरीवर. आबांनी गायीला जे घालू दिलं नाही, ते दादा जन्मभर गिऱ्हाइकांना घालत राहिले, असं मला आता वाटतं. संध्याकाळी शटर ओढून झालं की त्यावर हात फिरवायचे, गायीच्या पाठीवर फिरवावा तसा.

दुकान विकायला कुणी जबरदस्ती केली नाही, हे मी अजून लोकांना सांगत असते. आई गेली. भाऊ पुण्यात नोकरीला, मी बँकेत. लोक साड्या फोनवर बघायला लागले आणि दादांचे गुडघे पायरी चढेनात. त्यांनीच ठरवलं. मग ते माझ्याकडं राहायला आले, जुळे सोलापूर या उपनगरात.

आणि मग विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग आई गेल्याचं. एका सकाळी दुकान घेतलेल्या त्या पोराचा फोन आला. दादांना तो मामा म्हणतो. "अक्का, मामा आलेत. कुलूप उघडत नाही म्हणून चिडलेत." मी धावतपळत गेले. दादा शटरपुढं वाकले होते आणि आपल्या जुन्या कुलपाची किल्ली त्या नव्या कुलपात घालून फिरवत होते. कुलूप दिलं नव्हतं, म्हणून किल्लीही बंडीच्या खिशातच राहिली होती. मला बघून म्हणाले, "गंज चढलाय बघ. जरा त्याल आण." मला रडावं का त्यांच्यावर ओरडावं तेच कळेना.

पोरानं शटर उघडलं. त्यांना खुर्ची दिली, चहा आणला, सोबत खारी. आता तिथं मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकतात. दादा खुर्चीतून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायला लागले, "या, वर बसा. कुणाचं लगीन हाय?" कॉलेजची पोरं हसायची. मी पोराची माफी मागितली, तर तो म्हणाला, "असू द्या अक्का, माझे आजोबा असते तर हाकललं असतं का?" एवढा चांगला पोरगा. मग काय, दादांचा तो रोजचाच नेम झाला. सकाळ झाली की रिक्षा करून नवी पेठ. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते सोयीचंच होतं.

मग एके दिवशी रस्ता ओलांडताना त्यांना रिक्षाचा धक्का लागला आणि हात मोडला. डॉक्टर म्हणाले, यांना एकटं सोडू नका, पुढच्या वेळी हातावर भागणार नाही. मी दाराला कुलूप लावायला लागले. ते दारापाशी बसून लहान पोरासारखे रडायचे, "लोकं आली असतील गं, पायरीवर ताटकळली असतील." प्लास्टर निघालं आणि कामवाल्या बाईची नजर चुकवून ते पुन्हा गेले. पुन्हा खुर्ची, पुन्हा चहा-खारी. माझा जीव दिवसभर टांगणीला. आता यांना आवरायचं कसं, या विचारात मी एकदा ताट वाढत होते आणि हातातली भाकरी हातातच राहिली. आबांचं बोलणं आठवलं. आम्हीच तर त्यांना तिथं वैरण घालत होतो.

मी दुकानात जाऊन पोराला सांगितलं, "दादा आले तर पाणी द्या. खुर्ची नको, चहा नको."

"मामांना उभं ठेवू? अक्का, माझ्याच्यानं नाही होणार."

"माझ्यासाठी करा," मी म्हटलं. त्याला गायीची गोष्ट सांगितली. तो मान खाली घालून बसला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दार उघडलं आणि दादांबरोबर गेले. त्यांनी नेहमीसारखी किल्ली लावून बघितली. पोरानं येऊन शटर उघडलं आणि पाण्याचा पेला दिला. दादा सगळं पाणी प्यायले. मग बसायला वळले, तर खुर्ची नव्हती. ते तसेच उभे राहिले. पोरगा उगाच कव्हरं लावत बसला, मागं वळून बघेना. जिथं गादी असायची तिकडं दादा बराच वेळ बघत होते. मग पेला त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आमच्या आबानं बी असंच केलं हुतं." आवाजात राग नव्हता. माझा हात धरून रिक्षाकडं निघाले, थांबत थांबत.

त्यानंतर ते गेले नाहीत. भाऊ म्हणाला, बरं केलंस. डॉक्टर म्हणाले, फार छान. आता दादा खिडकीशी बसून असतात, खा म्हटलं की खातात, नीज म्हटलं की निजतात. माझं नावसुद्धा त्यांना आता आठवत नाही. पण गाय आठवते. परवा मी त्यांचे पाय चेपत होते, सहज विचारलं, "ती गाय परत आली नाही, तेव्हा तुम्हाला बरं वाटलं का हो?"

"न्हाय गं बाई," ते म्हणाले. मला कुणीतरी परकीच समजत होते. "मी लई दिस दारात बसायचो. वाटायचं, आज यील."

"आणि आली असती तर?"

"वैरण घातली असती की. आबाला चोरून."

मी उठून आत गेले आणि पोराला फोन केला, खुर्ची परत ठेवा म्हणून. त्यानं लगेच ठेवली. आता सकाळी मी दाराची कडी काढून ठेवते, त्यांच्या चपला पुढ्यात सरकवते. दादा चपलांकडं बघतात, आणि खिडकीशीच बसून राहतात.