न फुटलेली लिंबं

या सदरात लिहिणारे सगळेच सुरुवातीला सांगतात, की आपला असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता. पण माझं कारण धंद्यातलं आहे — मी ऑटो इलेक्ट्रिशियन. उभं आयुष्य लॉऱ्यांच्या वायरी, डायनॅमो आणि स्टार्टर दुरुस्त करण्यात गेलं. आमच्याकडे दोनच गोष्टी: करंट आहे, नाहीतर करंट नाही. टेस्ट लॅम्प लावायचा. पेटला तर आहे, नाही पेटला तर नाही. मध्ये भूत बसायला जागाच नाही. एखादा ड्रायव्हर म्हणाला, "गाडीला नजर लागलीय," की मी म्हणायचो, "नजर नंतर काढ, आधी अर्थिंगची पट्टी काढ. गंजली असेल." आणि बहुतेक वेळा ती गंजलेलीच असायची.

अशा माणसाची ही गोष्ट. घाबरायला म्हणून वाचायला घेतली असेल तर निराशा होईल... मला त्या दिवशी भीती वाटलीच नाही. वाटली ती लाज, आणि ती अजून गेलेली नाही.

आम्ही बंगळूरचे जुने मराठे. इथं येऊन किती पिढ्या झाल्या ते माझ्या वडिलांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. कागदावर माझं नाव कृष्णाजी, पण कलासिपाळ्याच्या बस स्टँड भागात सगळे मला किट्टण्णा म्हणत. साठच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस, मी तेव्हा तिशीतला. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत नंजप्पा नावाच्या लॉरीमालकाची शेड होती. जयनगर तेव्हा बांधलं जात होतं, आणि तिथं दगड-विटा पोचवायचं काम नंजप्पाच्या लॉऱ्यांकडे असायचं. त्या लॉऱ्यांचं विजेचं काम माझ्याकडे.

त्यातली सर्वांत जुनी लॉरी म्हणजे एक विलायती डिझेल. ती चालवायचा यल्लाप्पा. हा खानापूरकडचा, मराठी बोलणारा, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला अरे-तुरे करायचा. शेडमध्ये मराठीत शिव्या द्यायला तो एकटाच होता, त्यामुळे आमचं जमायचं.

त्या पावसाळ्यात लॉरीनं स्टार्ट होणं सोडलं. बटन दाबलं की नुसतं 'टक्' — बास. इंजिन ढिम्म. ढकलली की मात्र निमूट सुरू व्हायची. पण जयनगरात दगड भरून उभी राहिलेली लॉरी ढकलणार कोण? दोनदा ती भर रस्त्यात आडवी राहिली. दुसऱ्या वेळी बैल लावून ओढावी लागली. बैलानं लॉरी ओढलेली सगळ्या गल्लीनं पाहिली, आणि यल्लाप्पामामा आठवडाभर चहाच्या टपरीवर गेला नाही.

मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे माझ्या हातून काही राहिलं असं वाटायला नको. दोन्ही बॅटऱ्यांचं ॲसिड तपासलं — उत्तम. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली. जाड केबल बदलली. अर्थिंगची पट्टी खोलून चेसिसचं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं. स्टार्टर उतरवला, नवे कार्बन घातले, टेबलावर ठेवून त्याच बॅटऱ्यांना जोडला — भिंगरीसारखा फिरला! परत गाडीत बसवला... टक्. पुढून हँडल घालून इंजिन फिरवून पाहिलं, कुठं अडकत नव्हतं. स्टार्टरला करंट सोडणारा सोलेनॉइडही बदलला. टक्.

चार-पाच दिवस हेच. नंजप्पा तोंडात पान धरून यायचा, बघायचा आणि जायचा. शेवटी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी म्हणाला, "सरी, बरं किट्टण्णा. आता पुरे. उद्या पूजा होऊ दे, दसरा झाला की गुजरीवाल्याला बोलावलंय." गुजरीवाला म्हणजे भंगारवाला. यल्लाप्पामामा तिथंच उभा होता. त्याच्याकडे न बघता नंजप्पा पुढे म्हणाला, "नवीन गाड्यांवर पोरं ठेवलीत मी. म्हाताऱ्याला आता विश्रांती."

नंजप्पा गेल्यावर मामा मला म्हणाला, "गाडीसंगट मला बी काट्यावर घालतोय बघ. दुसरं कोण ठेवणार रे मला ह्या वयात? बघ की, किट्टण्णा... तुला काय तरी सापडंल."

मला काही सापडलं नाही. संध्याकाळी मी दोन्ही बॅटऱ्या लॉरीतून काढल्या. केबलची टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांना चिंध्या गुंडाळून ठेवल्या. बॅटऱ्या पुसल्या आणि शेडमध्ये देवीच्या फोटोपुढे पाना-पक्कडीशेजारी मांडल्या. आमच्याकडे खंडेनवमीला — इथं आयुधपूजा म्हणतात — सगळी हत्यारं देवीपुढे ठेवायची. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत स्क्रूड्रायव्हरलासुद्धा हात लावायचा नाही. आणि इलेक्ट्रिशियनचं हत्यार म्हणजे बॅटरी, हा माझा दरवर्षीचा हट्ट. इतर गाड्यांच्या सुट्या बॅटऱ्याही त्या रांगेत होत्या. पण या दोन मी ओळखायचो. एकीचा कोपरा फुटला होता आणि तो मीच डांबरानं बुजवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. लॉऱ्या धुऊन उभ्या, केळीचे खांब बांधलेले, झेंडूचे हार. इथली रीत अशी, की पूजा झाल्यावर चाकांखाली लिंबं ठेवायची, गाडीपुढे कोहळा फोडायचा आणि गाडीनं आपल्या ताकदीनं लिंबं चिरडत पुढं जायचं. जी गाडी लिंबं फोडत नाही तिच्यावर वर्षभर कुणी भरवसा ठेवत नाही. एकेक लॉरी सुरू होऊन पुढं गेली. तमटे — म्हणजे इथले ढोल — असे बडवत होते की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येईना.

उरली आमची. नंजप्पानं हातानं खूण केली: ढकला.

यल्लाप्पामामाची बायको लक्ष्मक्का आरतीचं ताट घेऊन आली होती. तिनंच सकाळी त्या लॉरीला सजवलं होतं. बाहेरच्या पायरीवरच्या बॅटरीच्या पेटीवरसुद्धा शेवंतीची माळ घातली होती. पेटी रिकामी आहे हे तिला काय माहीत! ढकलायला माणसं गोळा व्हायला लागली, कुणीतरी हसत "बैल कुठं गेले?" म्हणालं, आणि तिनं पदर तोंडाला लावला. मामा सीटवर चढून बसला, ताठ. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी खाली वाकलो आणि पुढच्या चाकाखाली लिंबू सारायला लागलो. खरं तर हे पुजाऱ्याचं काम. पण मला तोंड लपवायला जागा हवी होती.

एका चाकाखाली ठेवलं. पुढून वाकूनच दुसऱ्या चाकाशी गेलो. लिंबू ठेवून हात काढतोय, तोच माझ्या डोक्यावर इंजिन सुरू झालं.

धक्का नाही. टक् नाही. स्टार्टरची ती घरघर... मला ऐकू आली असं वाटतं, पण तमट्यांत शपथेवर सांगता येणार नाही. इंजिन मात्र सुरू होतं. बंपर थरथरत होता. मागच्या चाकांना लावलेले दगड जागेवर होते. आणि माझ्या नाकासमोरची दोन्ही लिंबं अख्खी होती. म्हणजे गाडी बोटभरही हललेली नव्हती. ढकलून सुरू झालेल्या गाडीखाली लिंबू अख्खं राहत नाही, एवढं कुणालाही कळेल.

मी उठलो, पेटीकडे गेलो. शेवंतीची माळ बाजूला करून झाकण उघडलं. आत बॅटरी नाही. केबलची दोन टोकं, आणि त्यांवर मी गुंडाळलेल्या चिंध्या तशाच. शेडमध्ये पाहिलं — डांबराच्या कोपऱ्याची बॅटरी देवीपुढे, कुंकू लावून, वर फूल.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. ढोलात कुणाला ऐकू जाणार? लोकांनी मला हात हलवताना पाहिलं आणि तेही हात हलवायला लागले! कोहळा फुटला. मामानं गिअर टाकला, लिंबं फट् फट् फुटली, आणि लॉरी गल्लीतून निघून गेली. ती बस स्टँडला वळसा घालून परत आली तोवर नंजप्पानं एका गाडीवरचा हार काढून माझ्या गळ्यात घातला होता.

"मालक, मी काही केलं नाही," मी म्हणालो. "गाडीत बॅटरीच नाही. या, बघा."

तो आला, पेटीत डोकावला आणि हसला. "काढलीस होय? बरं केलंस. डिझेलला एकदा सुरू झाल्यावर बॅटरी कशाला लागते? तूच शिकवलंस ना आम्हाला."

खरं होतं. मीच शिकवलं होतं, तेही जरा तोऱ्यात.

"पण आधीच काढली होती! ती बघा देवीपुढे."

"तिथं ढीगभर आहेत," नंजप्पा म्हणाला. मग मोठ्यानं सगळ्यांना — "बघा रे! केवढा गुणी माणूस, तरी म्हणतो मी काही केलं नाही!"

आणि तेवढ्यात यल्लाप्पामामा गाडीतून उतरला, सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. भर गल्लीत, बायकोदेखत. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी मागं सरायला गेलो, तर मागं लॉरी. त्याला उठवलं, तर रडत म्हणाला, "तुम्ही माझी लाज राखलीत, किट्टण्णा."

तुम्ही! त्या दिवसापासून त्यानं मला परत कधी 'तू' म्हटलं नाही.

दसऱ्याला उत्तरपूजा झाल्यावर मी त्याच बॅटऱ्या त्याच केबलला जोडल्या आणि बटन दाबलं. पहिल्या दाबाला सुरू. गुजरीवाल्याला नंजप्पानं परत पाठवलं. पुढे कित्येक वर्षं ती लॉरी चालली आणि स्टार्टिंगची तक्रार तिनं एकदाही केली नाही. दोष काय होता? माहीत नाही. गेला कसा? माहीत नाही. इलेक्ट्रिशियनला यापेक्षा लाजिरवाणं दुसरं काय असतं...

असतं. माझं नाव झालं. होसूर, कोलारकडून लॉऱ्या यायला लागल्या. ड्रायव्हर म्हणायचे, "स्वल्प हात लावा, अण्णा." मी म्हणायचो, हातानं काही होत नाही, वायर बघू दे. वायर बघून, दोष काढून गाडी सुरू करून दिली, तरी ते माझ्या हाताकडेच बघायचे. प्रत्येकाला मी खरं सांगितलं. प्रत्येकजण म्हणाला, केवढा विनय! जितकं खरं बोलावं तितका मी मोठा व्हायला लागलो.

घरी बायको म्हणायची, "तुम्ही खोटं तर बोलला नाही ना? मग लाज कसली?"

"दुसऱ्याच्या पानावर बसवून आग्रह करकरून वाढतायत गं," मी म्हणायचो. "उठूही देत नाहीत."

शेवटी यल्लाप्पामामा थकला. गावी जायला निघाला तेव्हा त्याला बसमध्ये बसवून द्यायला मी गेलो होतो. लक्ष्मक्का आत गाठोडी लावत होती. मला वाटलं, या एका माणसाला तरी पटवून द्यावं. तो तर त्या दिवशी लॉरीत बसलेला होता.

"मामा, खरं सांग. त्या दिवशी तू बटन दाबलंस तेव्हा नेमकं काय झालं?"

"मी कुठं दाबलो बटन?"

"म्हणजे?"

"बॅटरी न्हाई ते ठाऊक होतं की मला. आदल्या दिवशी तुम्हीच काढलेलं बघितलो होतो. काय दाबायचं? माझे हात जोडलेले होते, किट्टण्णा. डोळे मिटून बसलो होतो. त्याआधी तुम्ही खाली वाकलेलं बघितलो तेवढंच. म्हटलं, हा आता खालनं काय तरी जोडणार. पूजेच्या दिवशी हत्यार उचलणार माझ्यासाठी. म्हणून तर पाय धरलो तुमचे. कुणाला बोललो न्हाई आजवर. बायकोला बी न्हाई."

मी त्याला म्हणालो, "मामा, माझ्या हातात लिंबू होतं रे. फक्त लिंबू."

तो हसला. सगळे हसायचे तसाच. कंडक्टरनं शिट्टी मारली, आणि मी काही बोलायच्या आत तो पुन्हा माझ्या पायाशी वाकला.

बटन दाबणारा कुणी नव्हता, बॅटरी नव्हती, आणि इंजिन चाललं. ज्यानं कुणी ती लॉरी सुरू केली त्याच्या नावाचे दोन नमस्कार माझ्याकडे पडून आहेत. पत्ता कळला असता तर स्वतः नेऊन दिले असते.