आमचं प्राचीन घर आणि सक्करदऱ्याचे रमेशभाऊ

"प्राची, बॅग भर. बीएडच्या फॉर्मची आज लास्ट डेट आहे!" ट्रेंचच्या काठावरून रमेशभाऊ ओरडले.

ट्रेंच म्हणजे मापात खोदलेला चौकोनी खड्डा. कन्हान नदीपलीकडच्या एका शेतात आमचं उत्खनन चाललं होतं. प्राची माझी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी. ती गेली तर माझ्याकडे उरणार होते परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक शोधणारे पाच जण. रमेशभाऊ तिचे वडील. सक्करदऱ्यात त्यांचं बिछायत केंद्र. मांडव, गाद्या, खुर्च्या भाड्याने देतात.

"मॅडम, हे शिकून पोरीले नोकरी कोण देईन?"

मी पाठ असलेलं सगळं सांगितलं. म्युझियम, सर्वेक्षण खातं, कॉलेजात शिकवणं, धरण-रस्ता बांधण्याआधी जमिनीखाली काय आहे याची पाहणी. त्यांनी चक्क जांभई दिली. माझं डोकंच सटकलं.

"या खाली. हे पोस्टहोल. इथं लाकडी खांब होता. लाकूड कुजलं, खड्ड्यात वेगळ्या रंगाची माती भरली. असे सहा सापडलेत. हजारो वर्षांपूर्वीचं घर आहे हे! उद्या दिल्लीचे साहेब बघायला येताहेत."

रमेशभाऊ उतरले. पावलं टाकून अंतर मोजलं. मग कान खाजवला.

"राग नका मानू मॅडम. पंधरा-पंधरा फूट. हे तर कापडाचं माप आहे. मांडवाचे खड्डे होय हे."

"शक्यच नाही."

"बाबा, चूप बसा नं," प्राची रडकुंडीला आली.

"तूच चूप वं! तळाशी पाह्य. बांबू हलू नये म्हणून आम्ही विटेचा तुकडा ठोकतो."

प्राचीने खरवडलं. विटेचा तुकडा निघाला. त्याखालून निळी नायलॉनची दोरी. पाचही जणांनी पाठ फिरवली. खांदे मात्र हलत होते.

मी शेतमालकाला गाठलं. "हो, पोरीचं लग्न इथंच तं लावलं. मंग नांगर फिरवला."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलंच कुठं?"

खरं होतं. नांगरलेला वरचा थर आम्ही पहिल्याच दिवशी घाईघाईत, त्यात काय आहे हे न बघताच, काढून फेकला होता. मी दिल्लीला फोन करून घर रद्द केलं. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. परतले तर प्राची डोळे पुसत बॅगेची चेन लावत होती.

"ठेव ते बॅग," रमेशभाऊ म्हणाले. "मॅडम, या लाइनीत तं पोरीले लय स्कोप आहे. इथं कोणालेच खड्डा ओळखता येत नाही."

प्राची राहिली. आज ती धरणाआधीच्या पाहण्या करते. आणि मी कुठल्याही शेतात फावडं लावण्याआधी मालकाला विचारते, इथं लग्न कोणाचं झालं? हा प्रश्न अजून अभ्यासक्रमात नाही.