नाकानं तळलेली भजी

"डोळ्यानं तळनाऱ्याची भजी जळतेत," असं म्हणून ते डोळे मिटायचे. पुढ्यात कढई, कढईत कडकडीत तेल, हातात झारा आणि डोळे बंद. नाक तेवढं जरा पुढे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो होतो. मिटल्या डोळ्यांनीही त्यांना ते कळलं. "भिऊ नको. वास बदलला की काढतो," ते म्हणाले.

नांदेडला शिकायला आलो तेव्हा त्यांच्या घरातली वरची खोली मला भाड्यानं मिळाली. ते बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, मी काका म्हणायचो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी लातूरला दिलेली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, एकाच इंद्रियावर सगळं आयुष्य काढणारी. बस डेपोच्या फाटकातून आत येते न येते तोच क्लच जळतोय का ब्रेक, हे काका नाकानं सांगत. घरातही तोच कायदा. कांदा उभा आणि पातळ चिरायचा, मीठ चोळून ठेवायचा, त्याला जे पाणी सुटेल त्यातच बेसन भुरभुरायचं. मी एकदा वरून ओंजळभर पाणी घालायला गेलो, तर म्हणाले, "मग पिठलंच कर की." ओवा तळहातावर चोळून आधी स्वतः हुंगायचे, मग माझ्या नाकाखाली धरायचे. तेल करडईचं, घाण्यावरून आणलेलं. भजी अशी कुरकुरीत व्हायची, की खाणाऱ्याला समोरच्याचं बोलणं ऐकू येऊ नये.

मी पदवीधर झालो त्या दिवशी गावी फोन केला. हदगाव तालुक्यातल्या आमच्या घरात तोवर बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडील नुसते "बरं, बरं" म्हणत राहिले. खाली आलो तर काका कांदे चिरत बसले होते. पहिला घाणा त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि माझं खाऊन होईपर्यंत स्वतः एकही भजं उचललं नाही. माझ्यासाठी असं कुणी थांबल्याचं मला दुसरं आठवत नाही.

पुढे कोरोनाच्या साथीत त्यांना ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, आणि ते पुन्हा ओट्याशी डोळे मिटून उभे राहिले. मी तोवर एका खाजगी शाळेत शिकवू लागलो होतो, खोली तीच होती. सगळं पहिल्यासारखं झालं, असं मला वाटलं. फक्त तळताना त्यांचे ओठ हलत होते. जप करत असतील, म्हणून मी काही विचारलं नाही.

भजी तशीच सोनेरी होती, मोडताना तशीच वाजली. पण तोंडात टाकलं आणि माझी जीभ आखडली. तेल पार खवट झालं होतं. काका माझ्यासमोर तीन भजी चवीनं खाऊन गेले.

"जमलेत का?" त्यांनी विचारलं.

"हाव काका. झकास."

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. दुसरा घाणा सोडताना मी कान दिला. जप नव्हता. ते आकडे मोजत होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका सकाळी, जिना उतरतानाच सडका वास अंगावर आला. स्वयंपाकघरात काका पाठमोरे उभे. चहाचं आधण शेगडीवर, हातात लायटर. मी ओरडलो नाही, धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. शेगडीपाशी गॅसची नळी चिरली होती. सिलिंडर बंद केलं, खिडक्या उघडल्या, आणि आम्ही दोघं मागच्या पायरीवर जाऊन बसलो.

"कवापासून?" मी विचारलं.

"तापापासून." मग म्हणाले, "पोरीला सांगू नको. कळलं की ती मला नेती. तिथं मी पाव्हना. हितं मी मिस्त्री हाय."

मी वचन दिलं. नळी बदलली. आणि आमचा एक रिवाज सुरू झाला. शाळेला निघण्याआधी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचो, खोल श्वास घ्यायचो आणि "पेटवा" म्हणायचो. मगच ते लायटर दाबायचे. संध्याकाळी पुन्हा तसंच. मधल्या वेळात काही पेटवायचं नाही, असं ठरलं होतं. "आले, इन्स्पेक्टर आले," म्हणून ते मला चिडवायचे. मीही हसायचो. पण शाळेत असताना रस्त्यावरून बंब गेला, की माझा खडू फळ्यावर थांबायचा आणि घंटा कोणत्या बाजूला जाते ते मी ऐकत राहायचो.

थंडीत मला सर्दी झाली. दारात उभं राहून श्वास ओढला, तर काहीच नाही. गॅस नाही, चहाची पूड नाही, समोर ठेवलेलं कुटलेलं आलंही नाही. आत वास होता की नव्हता, हे मला सांगता येत नव्हतं. काका लायटर धरून माझ्याकडे बघत होते. शाळेला उशीर होत होता. आणि खरं सांगायचं तर, माझ्यावर भरवसा टाकून उभ्या असलेल्या त्या माणसाला 'मला कळत नाही' म्हणायची मला लाज वाटली.

"पेटवा," मी म्हणालो.

निळी ज्योत लागली. चहा झाला. त्यांनी कप पुढे केला, तो मी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"थंडी लई हाय औंदा," ते म्हणाले.

मधल्या सुट्टीत मी लातूरला काकांच्या मुलीला, ताईंना, फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आणि जावई आले. ताईंनी आधी सिलिंडर बंद केलं आणि मग वडिलांच्या पाया पडल्या. काकांना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी एका पिशवीत कपडे भरले, दाराला कुलूप लावलं, आणि गाडीत बसण्याआधी माझ्यापाशी येऊन हळू म्हणाले, "सांगितलंस ते चूक न्हाई. पन आधी मला सांगून सांगायचं होतं."

सर्दीचं सांगायला मी तोंड उघडलं. ताई शेजारीच उभ्या होत्या. धीर झाला नाही. तो अजूनही झालेला नाही.

आता मी भोकरला नोकरीला आहे. दर रविवारी लातूरला फोन करतो, काकांना द्या म्हणतो. ते झोपलेले असतात, नाहीतर नुकतेच बाहेर गेलेले असतात. ताईंच्या आवाजात मात्र समाधान असतं. परवा म्हणाल्या, "बाबांचा कायच त्रास न्हाई बगा, सर. ताटात येईल ते खातेत. काय केलंय म्हनून विचारतसुद्धा न्हाईत."