ओट्यावरची रांग

माझ्या हातून झालेला मूर्खपणा आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहायला मला तोंड नाही. माझी नात प्रज्ञा, एम.डी. शिकणारी डॉक्टर, सात महिन्यांनी एका दिवसाच्या सुटीवर कुरखेड्याला आली, आणि मी सकाळीच आमच्या ओट्यावर गावभरचे पेशंट आणून बसवले. कुणाचा गुडघा, कुणाची धाप, कुणाचे पिशवीभर जुने रिपोर्ट. गावातली पहिली एम.डी. आमच्या घरची, मिरवायचं नाही तर काय करायचं?

प्रज्ञा अंथरुणातूनच म्हणाली, "आजी, निजू दे ना वं मले. बहुत थकली मी."

"डॉक्टर कुठी थकते का? ऊठ, लोकं येऊन राह्यले."

उठली बिचारी.

थकायचं नाही, हे खूळ तिच्या डोक्यात मीच भरलेलं. तरुणपणी मी एटापल्लीकडे नर्स होते. एकदा बाळंतपण उरकून पायी परतताना चालता चालता झोप लागली आणि मी थेट धानाच्या बांधीत, चिखलात. पिशवी एकीकडे, चप्पल दुसरीकडे. तेव्हाची मी म्हणजे नंबरी आगाऊ बाई. लाज वाटायची सोडून तीच गोष्ट जन्मभर मर्दुमकी म्हणून सांगत फिरले. लहानगी प्रज्ञा पोट धरून हसायची, "आजी, अजून एकदा पड ना!" म्हणायची. हसता हसता ती काय शिकत होती, ते मला कळलं नाही...

एम.डी.च्या पहिल्या वर्षी ती फोनवर पेशंटांची नावं सांगायची. दुसऱ्या वर्षी नुसते बेड नंबर. एकदा म्हणाली, "आजी, काल वॉर्डात माणूस मेला, अन् मले वाटलं, चला, बेड रिकामा झाला. मी अशी होती का वं?" मी म्हटलं, "होते सवय." एवढंच म्हटलं.

ओट्यावरच्या त्या दिवसानंतर तिसऱ्या आठवड्यात, सलग दोन दिवसांची ड्युटी संपवून ती सकाळी स्कूटीवर आपल्या खोलीकडे निघाली. सडकेच्या कडेला ट्रक उभा होता. ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा नाही, असं पोलीस म्हणाले. सगळ्यांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. माझ्या वेळी निदान चिखल होता.

तिला जाऊन दीड महिना झाला. मी ओट्यावर बसत नाही. परवा यमुनाबाई आली. त्या दिवशी रांगेत ती शेवटची होती. जुन्याच जागी टेकली, आपलं उजवं मनगट डाव्या हातात धरून. मी चहा ठेवायला उठले. तर म्हणाली,

"बस ना बाई. त्या दिवशी तू आत चहा करून राह्यली होती, तवा पोरीनं नाडी पाहाले माहा हात धरला, अन् धरल्या धरल्याच तिचा डोळा लागला. मी हात नाई काढला. तू कपबशा वाजवत येईपर्यंत मी हाललीच नाई."