पाठीवरचा खो
मैदानावर फक्कीच्या ताज्या रेषा मारल्या की चुन्याचा तो कोरडा वास येतो आणि मला नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दवाखान्यातली गार, गुळगुळीत फरशी आठवते. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणाले, "खुब्याचा सांधा पार झिजलाय, बदलावाच लागेल." मला रागच आला. "अहो, जन्मभर खो-खो खेळले मी, अजून मुलींना शिकवते," म्हणत मी ओढणी कमरेला बांधली आणि मैदानात बसायचे तशी तिथेच उकिडवी बसले. बसले खरी, पण उठताच येईना. डॉक्टर पुढे झाले, तर सोबत आलेल्या माझ्या संघातल्या जुन्या मैत्रिणीने त्यांना थांबवलं, मागून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "खो." आयुष्यात पहिल्यांदाच खो मिळूनही मी उठले नाही. खाली बसूनच विचारलं, "डॉक्टर, ऑपरेशनची तारीख कधीची देता?" आता नव्या खुब्यानिशी मी रेषेबाहेर उभी राहून शिकवते. एखादी मुलगी खो मिळून उठायला चुकली की मी ओरडायला तोंड उघडते, पण आधी पाठीवर मैत्रिणीचा तो हात जाणवतो. खो देणारा हात लगेच निघतो. तिचा त्या दिवशी निघालाच नव्हता.